जिन्याचं दार

त्या रविवारी सकाळपासून घरात कोणी एका जागी बसलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात. आबा आपल्या खोलीत कॉटवर बसत, लगेच उठत, खिडकीशी जात आणि तिथं काही करण्यासारखं नसल्यामुळे परत येऊन बसत. खाली लाँड्रीत बाबा आणि काका काहीतरी जड सरकवत होते. त्याची घरघर जिन्यातून वर येत होती. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला खारू दाराची कडी पुसत होती. पुसून झालं की फडकं बादलीत टाकायची, मागे सरकायची, कडीकडे बघत राहायची आणि पुन्हा फडकं उचलायची.

"अगं, झाली की चकचकीत," आई म्हणाली. "आत्या आली की तिला तोंड दिसेल त्यात."

"ती हात लावणार आहे कडीला."

"मग ती आल्यावर पूस."

"आल्यावर तर पुसणारच आहे," खारू अगदी सरळ सुरात म्हणाली आणि तिनं पुन्हा फडकं उचललं.

साथ सुरू झाल्यापासून आत्या पहिल्यांदाच घरी येणार होती. ती इस्पितळात नर्स. साथीच्या वॉर्डात ड्यूटी लागली तेव्हा एक बॅग घेऊन गेली, ती तिथल्या क्वार्टर्समध्येच राहिली. अधूनमधून रस्त्याच्या पलीकडे येऊन उभी राहायची. घरचे गॅलरीतून हात हलवायचे, ती खालून हलवायची, आणि मग कोणाला काय बोलावं ते न सुचून सगळेच आत वळायचे. आता वॉर्ड बंद झाला होता. तिला मोठी रजा मिळाली होती. "मला फक्त माझ्या पलंगावर झोपायचंय," असं ती फोनवर म्हणाली होती.

त्या पलंगाची चादर खारूनं सकाळपासून तीनदा बदलली होती.

एकोणीस वर्षांची ही पोरगी लहानपणी कपाटांवरून, खिडक्यांवरून सतत तुरुतुरु पळायची, म्हणून काकांनी तिचं नाव खारू ठेवलं. ती बाहेरगावी शिकायला गेली होती, कॉलेज बंद झाल्यावर परत आली. घरातले सगळे नियम तिनंच घातले. लाँड्रीतून वर येणाऱ्यानं जिन्याच्या तळाशी असलेल्या न्हाणीत अंघोळ करायची, तिनं पिशवीत घालून ठेवलेले कपडे घालायचे, मगच वर पाय ठेवायचा. आबांच्या खोलीत तिच्याशिवाय कोणी जायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. बाबा गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचे, "आमच्याकडे बिनधास्त कपडे द्या, माझ्या मुलीनं अशी पद्धत बसवलीय की विषाणू दारातूनच नमस्कार करून परत जातो." आबा आपल्या मित्रांना सांगायचे की नात नाही, पोलादी भिंत आहे. गल्लीत म्हातारी माणसं गेली, आबा राहिले. हे कोणामुळे, यावर घरात कधी वाद झाला नाही.

कौतुकाचं कधी काय झालं, ते मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या थोडंसं आलं होतं. खारू दिवसभर तिला विचारायची, "आई, धुतलंय ना?" आणि आई म्हणायची, "हो, धुतलंय." पुढंपुढं काय धुतलंय, हे न बघताच म्हणायची.

खाली हॉर्न वाजला. दोघी गॅलरीत धावल्या.

इस्पितळाची पांढरी व्हॅन लाँड्रीसमोर थांबली होती. पुढच्या दारातून आत्या उतरली. बारीक झालेली, केस कापलेले. तिनं वर बघून हात हलवला. आईनं हलवला. मग ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं आणि काका पुढं होऊन मोठमोठे गठ्ठे उतरवायला लागले. पांढरे गठ्ठे, चादरीतच बांधलेले, प्रत्येकावर निळा शिक्का.

"आई, ते काय आहे?"

"धुवायचे कपडे असतील."

"कुठले?"

आईला खरंच माहीत नव्हतं. ती उत्तर शोधत असतानाच खारू वळली. पळण्याचा आवाज आला, मग दार आपटल्याचा, मग कुलपात चावी फिरल्याचा.

*

खाली आत्याला सगळ्यात आधी वास आला. वाफेचा, साबणाचा, तापलेल्या सुताचा. या वासात ती लहानाची मोठी झाली होती. काउंटरला हात टेकून तिनं नुसता श्वास घेतला.

"या या," काका गठ्ठा खांद्यावरून उतरवत म्हणाले. "व्हिसा आणलाय का? आमच्या गृहमंत्री वर बसल्यात. अंघोळ केल्याशिवाय राज्यात प्रवेश नाही."

"करते की. बरोबरच आहे तिचं." आत्या हसली. "दादा, तू एवढा घामाघूम का?"

"काही नाही," बाबा म्हणाले. ते गठ्ठे ड्रायरच्या मागे ढकलत होते, जिन्यावरून दिसणार नाहीत असे. "तू अंघोळ कर. वर वहिनीनं सकाळपासून स्वयंपाकाचा धडाका लावलाय."

न्हाणीत पिशवी टांगलेली होती. तिच्यात आत्याचेच जुने कपडे, कडक इस्त्रीचे. त्यांना जंतुनाशक औषधाचा एवढा उग्र वास होता की क्षणभर आपण वॉर्डातच आहोत असं तिला वाटलं. तरी तिनं ते घातले, ओले केस टॉवेलात गुंडाळले आणि जिना चढून वर गेली. दार बंद होतं. तिनं टिचकी मारली.

"खारू? मी आलेय गं."

तिनं पुन्हा टिचकी मारली.

"अंघोळ केली. डोक्यावरून. तपासणीही करून आलेय, काही निघालं नाही. रिपोर्ट दाखवू?"

"आत्या," खारूचा आवाज अगदी दाराजवळून आला, "त्या चादरी कुठल्या आहेत?"

आत्या मागे वळली. बाबा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते आणि तिला डोळ्यांनी खुणावत होते. तिला खूण कळली, पण तोपर्यंत ती बोलून गेली होती.

"आमच्या इस्पितळाच्या. दादानं काम घेतलंय ना. का, तुला नाही सांगितलं?"

बाबांनी कपाळावर हात मारला. "साध्या वॉर्डातल्या आहेत गं, खारू! हाडबीड मोडलेल्या लोकांच्या. उकळत्या पाण्यात जाणार आहेत."

"मला का नाही सांगितलंत?" हा आवाज आईचा होता.

"तुला सांगितलं असतं की तिला कळलं असतं."

"म्हणजे मी घरातली कोण? चहाडखोर?"

"आता तू नको सुरू होऊस. लाँड्रीत गिऱ्हाईक नाही. लोक बाहेरच पडत नाहीत तर कपडे कोण देणार? या बेबीनं इस्पितळात शब्द टाकला म्हणून हे काम मिळालं. दार उघड."

"नाही उघडणार ती," आई म्हणाली. "आणि मीही सांगणार नाही तिला उघडायला. आधी खोटं बोलायचं, मग वरून हुकूम सोडायचे."

आबाही खोलीच्या दाराशी आले असावेत, कारण त्यांचा खाकरण्याचा आवाज आला. "पोरीचं बरोबर आहे. त्या चादरी परत पाठवा. मग बघू दाराचं."

"आबा, मग बसायचं का हात बांधून? लाँड्री बंद करून?"

"ती मी उभी केली. बंद पडली तर माझी पडेल. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय?" बाबांचा आवाज चढला. "सतरा वर्षांचा असल्यापासून त्या बॉयलरपुढं उभा आहे मी! अरे, ती पहार आण. कुलूप तोडतो."

काकांनी खरंच पहार आणली, पण ती बाबांच्या हातात दिली नाही. नुसती धरून उभे राहिले. "तोडायचं सोपं आहे," ते म्हणाले, "नंतर बसवायला मलाच सांगाल."

आत्या या सगळ्यांच्या मधे, ओल्या केसांनी, दारापुढं उभी होती. तिचे पाय दुखत होते. तिनं मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी चिडायचं नाही. वॉर्डात ती कधी चिडली नव्हती. नातेवाइकांनी शिव्या घातल्या तेव्हाही नाही. पण दाराच्या पलीकडे फडकं पिळल्याचा आवाज आला, कडी आतून पुन्हा पुसली जाऊ लागली, आणि तिच्या आतलं काहीतरी सुटलं.

"मी घाण आहे का गं?" ती ओरडली. "बोल ना! एवढे महिने परक्यांची तोंडं पुसली, परक्यांचे डोळे मिटले. त्यांच्यातला एकही मला बाहेर हो म्हणाला नाही. आणि माझ्या घरात, माझ्याच दारात, तू मला कुत्र्यासारखं उभं करतेस? मला झोपायचंय! फक्त झोपायचंय मला!"

कडी पुसण्याचा आवाज थांबला. आत्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली आणि तिनं टॉवेलात तोंड खुपसलं.

*

खारूला सगळं ऐकू आलं. आत्याचं बरोबर आहे, हेही तिला माहीत होतं. हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट होती. तिला सगळं माहीत असायचं. कडी स्वच्छ आहे, रिपोर्ट चांगला आहे, चादरी उकळल्या जाणार आहेत. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती. पण माहीत असण्याचा काही उपयोग होत नव्हता. डोक्यात एक चित्र यायचं, आणि ते आलं की जे काही धुतलं असेल ते धुतलेलं राहायचं नाही. सगळं पहिल्यापासून.

सुरुवात कुठून झाली तेही तिला माहीत होतं. हॉस्टेलमधली मैत्रीण एका वाढदिवसाला गेली होती. तिला काही झालं नाही. तिचे आजोबा गेले. तिनं सगळ्यांना एकच ओळ पाठवली, "मीच आणलं घरात." खारूनं त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. काय लिहायचं असतं अशाला? पुढे ती मैत्रीण फोन उचलेनाशी झाली आणि खारूही करेनाशी झाली. कॉलेजच्या ऑनलाइन तासांना बसणं तिनं बंद केलं, कारण तास सुरू असताना हात धुता येत नाहीत. हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. लॅपटॉप उघडून ठेवायची, आवाज बंद करायची.

आत्याला 'सॉरी' म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि दाराखालच्या फटीतून पाण्याचा एक ओघळ आत आलेला दिसला. आत्याच्या केसांचं पाणी. तिनं बादलीच उचलून फटीवर ओतली. औषधाचं सगळं पाणी दाराखालून बाहेर गेलं.

"अगं, काय करतेस!" बाहेरून काका ओरडले. "जिन्यात पूर आलाय."

"सॉरी," खारू म्हणाली, "सॉरी, सॉरी," आणि गुडघ्यांवर बसून फडक्यानं फरशी घासू लागली. तिच्या हातात नेहमीचे रबरी मोजे होते. घरात तिला मोज्यांशिवाय कोणी पाहून कितीतरी दिवस झाले होते. फरशीच्या फुटक्या कडेत उजवा मोजा अडकला आणि तळव्यापासून मनगटापर्यंत फाटला. औषधाचं पाणी आत शिरलं, आणि ती अशी किंचाळली की बाहेर आत्या ताडकन उभी राहिली.

आईनं तिचा हात धरला आणि फाटलेला मोजा ओढून काढला. हात कोपरापर्यंत लालभडक झाला होता. बोटांच्या पेरांवर कातडी चिरली होती, चिरांतून रक्त येत होतं. आईनं तो हात याआधी पाहिला होता. तिनंच मलम आणून दिलं होतं, आणि मलम लावलं की हात चिकट वाटतो म्हणून पोरगी ते लगेच धुऊन टाकते, हेही तिला ठाऊक होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, कोणालाच नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीसं तिला वाटलं होतं.

"उघडू नकोस हां, बाळा," आबा खोलीच्या उंबऱ्यातून म्हणाले. "तू ठाम राहा. तुझ्यामुळेच आहे मी."

तेव्हा आई सासऱ्यांकडे वळली. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता.

"बास करा, आबा. तुमच्या जिवासाठी माझ्या मुलीच्या हातांची काय दशा झालीय, ती या आणि बघा. इकडे या. उंबऱ्यातून नाही दिसणार."

*

आबांना वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. मग सुनेचा चेहरा पाहिला आणि चुकलो नाही हे कळलं. ते काठी टेकत बाहेर आले. त्या खोलीतून इतकं बाहेर येण्याची त्यांना सवयच राहिली नव्हती.

त्यांनी नातीचा हात पाहिला. आयुष्यभर त्यांनी हात पाहिले होते. सोड्यानं खाल्लेले, वाफेनं भाजलेले, इस्त्रीचे चटके बसलेले. स्वतःचे तसेच होते. पण ते काम करून झाले होते. हा हात तसा झाला नव्हता.

"हे माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

खारू मान हलवत राहिली. हो म्हणतेय की नाही, ते कळत नव्हतं. "मला दिसता तुम्ही," ती म्हणाली. "रोज. कॉटवर पडलेले, तोंड उघडं. काहीही करत असले तरी दिसता. मग मी धुते. धुतलं की जाता. मग परत दिसता. मला माहितीय हे वेड्यासारखं आहे. मला माहितीय, आबा! पण एकदा नाही धुतलं आणि खरंच झालं तर? मग माझ्यामुळे होईल ना?"

आबा हळूहळू दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्यांना बरं वाटेल असं काही बोलता येत नसे. ते बायकोचं खातं होतं, आणि ती जाऊन वर्षं झाली होती.

"मी ऐंशीच्या पुढं गेलोय," ते म्हणाले. "मी मरणारच आहे की. तुला विचारून थोडाच मरणार?"

"आबा!" आई म्हणाली.

"खरं तेच बोलतोय. हिच्या जन्माच्या आधी मला कोण जगवत होतं? तेव्हा तर मी विड्या ओढायचो." ते थांबले. मग आवाज एकदम खाली आला. "मला आवडत होतं गं. कोणीतरी एवढं राखतंय आपल्याला. म्हातारपणी कोण विचारतं? म्हणून मी म्हणत राहिलो, बरोबर आहे, बरोबर आहे. मी काही बघितलंच नाही."

खारू रडत होती आणि रडताना दुसऱ्या मोज्यानं डोळे पुसता येत नाहीत म्हणून तिनं तोंड वर केलं होतं.

दाराबाहेरून आत्याचा आवाज आला. आता त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "खारू, मला एक सांग. यात दिवसातला किती वेळ जातो तुझा?"

हे तिला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

"सगळा," ती म्हणाली.

"अभ्यास?"

"नाही करत."

बाहेर बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"ऐक मग. तुला वेड लागलेलं नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आहे. आमच्या वॉर्डात एक नवी मुलगी होती, तुझ्याहून थोडीच मोठी. तिचं हेच झालं. ड्यूटी संपली तरी बेसिनपासून हलायची नाही. उपचार सुरू झाले तिचे. अजून चालू आहेत. पण ती कामावर येते, डबा खाते, मोबाइलवर कोणाशी तरी गुलुगुलु बोलते."

"मनाच्या डॉक्टरकडे?" बाबांनी विचारलं. "बेबी, अगं तिला नीट झोप आणि जरा धाक—"

"मीपण जाते तसल्या डॉक्टरीणबाईंकडे, दादा."

"तू?"

"हो. मला वॉर्डातल्या मशीनचा आवाज येतो. मशीन नसतं तिथंही येतो. आत्तासुद्धा तुझा बॉयलर ऐकला आणि छातीत धस्स झालं. गोळ्या घेते मी. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुम्ही सगळे फोनवर मला शूर म्हणत होतात."

काकांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. बाबा पायरीवर बसले, तिथल्या पाण्यातच. आपली विजार भिजतेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"खारू," आत्या म्हणाली, "मी आज वर येत नाही. खाली इस्त्रीच्या टेबलावर आडवी होते. पण उद्या तू माझ्याबरोबर त्यांच्याकडे चल. हातमोजे घाल, काय हवं ते घाल. चल फक्त."

"टेबलावर?" आई म्हणाली. "स्वतःचा पलंग असताना? मुळीच नाही, बेबीताई. हे तुमचं घर आहे." आणि ती मुलीकडे वळली. "खारू, मी आत्तापर्यंत तुझ्या बाजूनं होते. अजूनही आहे. पण हे मी चालू देणार नाही."

खारूनं आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. मुठीतल्या चावीचे दाते चिरांमध्ये रुतत होते. ते चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. ती वाकली आणि ओल्या फरशीवरून चावी दाराखाली सरकवली. मग तुरुतुरु पळत आपल्या खोलीत गेली.

बाहेर आत्या चावी हातात घेऊन उभी राहिली. "उघडू?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"लवकर उघड!" खोलीतून आवाज आला. "नाहीतर मी परत मागेन!"

*

जेवायला सगळे बसले, खारू सोडून. तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत चालण्याचा आवाज येत होता. भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. मधे नळ वाजायचा. नळ वाजला की टेबलावरचं बोलणं थांबायचं. साथ सुरू झाल्यापासून आबा पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर टेबलाशी बसले होते, पण त्यांनी भाजी नुसती चिवडली. आत्याचा घास हातातच राहिला आणि ती बसल्याबसल्या डुलक्या घेऊ लागली. आईनं तिला उठवून पलंगापर्यंत नेलं.

बाबा ताट घेऊन मुलीच्या खोलीशी गेले. आत जावं की नाही, ते त्यांना कळेना. आजवर तीस-पस्तीस माणसांना कामाला लावलेला हा गृहस्थ दारात ताट धरून अवघडून उभा राहिला.

"त्या चादरी परत पाठवू का?" त्यांनी विचारलं.

खारू चालायची थांबली. "हो म्हणावंसं वाटतंय," ती म्हणाली. "पण नका पाठवू. पाठवल्यात तर उद्या मी आणखी काहीतरी परत पाठवायला लावीन."

"बरं."

"बाबा, मी जूनपासून—" ती अडखळली. "मी बऱ्याच महिन्यांपासून तासांना बसलेलीच नाही."

"ऐकलं मी."

"रागावलात?"

"रागावलोय," बाबा म्हणाले. "पण कोणावर ते अजून ठरायचंय. ताट इथं ठेवतो. थंड व्हायच्या आत खा."

तिनं खाल्लं की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी ताट स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊन ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. घरातून निघायलाच उशीर झाला. खारू जिन्याच्या अर्ध्यातून दोनदा परत वर गेली, तिसऱ्यांदा काका खालून म्हणाले, "बाईसाहेब, टॅक्सी निघून गेली तर मला तुम्हाला हातगाडीवर ढकलत न्यावं लागेल," आणि ती खाली आली. लाँड्रीतून जाताना तिनं श्वास रोखून धरला. रस्ताभर ती टॅक्सीच्या सीटवर पुढं सरकून, पाठ न टेकता बसली.

दवाखाना एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. खुर्च्या दूरदूर मांडलेल्या. खुर्च्यांवर बहुतेक तरुण मुलंच होती; एक मुलगा गुडघा सतत हलवत होता, एक मुलगी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे उघडे ठेवून पडली होती. खारूला हे अपेक्षित नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

काउंटरवरच्या बाईंनी आत्याला ओळखलं. "सिस्टर, तुमची वेळ गुरुवारी आहे ना?"

"आज मी सोबत आलेय," आत्या म्हणाली.

खारू बसली नाही. खुर्चीकडे बघून भिंतीपासून थोडी दूर, मधेच उभी राहिली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आईच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत फवाऱ्याची बाटली होती. खुर्ची पुसून द्यावी म्हणून तिचा हात आत गेला. आत्यानं तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली. आईनं हात बाहेर काढला. तो रिकामा हात कुठं ठेवावा ते तिला समजेना. मग तीही उठली आणि मुलीच्या शेजारी उभी राहिली. आत्याही उभी राहिली. गुडघा हलवणारा मुलगा या तिघींकडे पाहून क्षणभर गुडघा हलवायचा थांबला.

"लोक बघतायत," खारू पुटपुटली.

"बघू देत," आत्या म्हणाली. "आपल्याला पाय आहेत."

नाव पुकारलं गेलं. तिनं आतल्या दाराकडे पाहिलं, बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"मी येऊ आत?" आईनं विचारलं.

"नको."

"आत्या?"

"तीही नको. मला जे सांगायचंय ते तुमच्यासमोर नाही जमणार." ती दोन पावलं गेली आणि वळली. "पण जाऊ नका हां. कुठं चहाला वगैरे जाऊ नका."

"इथंच आहोत," आई म्हणाली.

तिनं दार कोपरानं ढकललं आणि आत गेली. दार आपोआप मागे लागलं. आई आणि आत्या उभ्याच राहिल्या, मग आत्यानं आईला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. आधी आतून काहीच ऐकू येईना. मग डॉक्टरीणबाईंचा एक प्रश्न आला, छोटासा. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

आणि मग खारूचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. मधेच अडखळत होता, मधेच घाईनं पळत होता, पण थांबत नव्हता. बराच वेळ तीच बोलत होती.